येऊन राहिली

वऱ्हाडातून परत आले, तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या बायका एकच विचारतात, "कसं आहे गं तिकडं?" मी म्हणते, तिकडं कपडा वाळतो. त्या हसतात. पण महाबळेश्वरात लाँड्री चालवणाऱ्या बाईला यापेक्षा मोठं काय सांगायचं असतं? आमच्याकडं जूनपासून ढग घरात शिरून बसतात, पाहुण्यांसारखे, आणि पाहुणे तरी कधीतरी जातात. हॉटेलांच्या चादरी आम्ही शेगडीवर टोपलं पालथं घालून, पंख्याखाली, मशिनीत, जमेल तिथं वाळवतो. तरी हात लावला की गारठा लागतोच.

दुसऱ्यांची सुट्टी म्हणजे आमचं काम. मे महिना, दिवाळी, नाताळ, सगळे सण चादरींत जातात. मोकळा मिळतो तो पितृपंधरवडा. तेव्हा कोणी हनिमूनला येत नाही. मंजूचं लग्न होऊन चार वर्षं झाली, अकोल्याजवळ दिली तिला, आणि चारही वर्षं आम्ही "पुढच्या पितृपक्षात नक्की" म्हणत राहिलो. कधी मशीन बिघडली, कधी घाटात दरड आली. यंदा मात्र जायचंच होतं. मंजूला दिवस गेले होते, पहिलटकरीण. आठवा महिना सरत आलेला. आमच्याकडं आठव्यात हलवत नाहीत. तेव्हा आपण आठवडाभर राहायचं, नववा लागला की तिला घेऊन यायचं, असं ठरवलं. जायची दोन तिकिटं काढली आणि यायची तीन.

हे सगळं ज्या फोनवर ठरलं, तो फोन आधी सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गणपतीच्या आधी मी मंजूला विचारलं, "बाळंतपणाला माहेरी येणार ना गं?" पलीकडं कुकरची शिट्टी, कुत्र्याचं भुंकणं, आणि त्यातून लेकीचा आवाज आला, "हो हो, येऊन राहीन ना, आई!" झालं! मी फोन ठेवला आणि सुताराकडं गेले. पाळण्याला नवा रंग दिला. आतली खोली रिकामी केली. जुन्या मऊ धोतरांची दुपटी शिवली. गल्लीभर सांगितलं. मनातल्या मनात मांडे म्हणतात ते मी पुरणासकट खाऊन टाकले.

अकोला

गाडीतून उतरलो तेव्हा आमच्या ह्यांच्या अंगात हातविणीचा स्वेटर होता. घरून घालून निघालेले, काढायचं सुचलंच नाही. स्टेशनाबाहेर आलो आणि ऊन असं अंगावर आलं की हे मटकन ट्रंकेवरच बसले. सप्टेंबर संपत आलेला, पण आभाळ निळं, आणि डोळे उघडवत नाहीत असा उजेड. लोक आमच्या स्वेटरकडं बघायला लागले. एक ऑटोवाला पुढं आला.

"कुठी जाऊन राहिले, काका?"

हे म्हणाले, "अजून कुठं जाऊन राहिलो नाही. आत्ताच आलो."

ऑटोवाल्यानं माझ्याकडं पाहिलं, मी ह्यांच्याकडं. मग जावईच धावत आले, प्रवीण, तिथल्या कृषी विद्यापीठात नोकरीला आहेत. हसत हसत म्हणाले, "बाबा, तो विचारतोय कुठं जाताय. आमच्याकडं जाऊन राहिले म्हणजे जाताय." हे म्हणाले, "मग जाताय म्हणायला काय होतं?" मलाही गंमत वाटली. ती गंमत माझ्याच अंगाशी येणार आहे हे तेव्हा काय माहीत!

घर बाळापूर रोडला, गावाबाहेर, मळ्यातच. बांधापासून घरापर्यंत झेंडू. दसऱ्याचा माल. फुलं अजून अर्धी मिटलेली होती, तरी शेताला पिवळी झाक आली होती. पलीकडं भाजीपाला, वांगी, आणि शेजाऱ्यांची कपाशी. विहीणबाई दारातच उभ्या होत्या. उंच, सडसडीत, डोक्यावरून पदर, आवाज खणखणीत. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मळा त्याच बघतात.

"अरे बापा! स्वेटर काहून घातलं ईवाईनं? ताप हाये काय?"

तिकडं व्याह्याला ईवाई म्हणतात आणि विहिणीला ईनबाई. मी वाकून नमस्कार करायला गेले तर त्यांनी दंडाला धरून उभं केलं. "राहू द्या, ईनबाई. आधी पाणी प्या."

आणि मागून मंजू आली. पोट पुढं, हात कमरेवर, चेहरा भरलेला, रंग जरा रापलेला. लग्नाआधी ही पोर आमच्याकडं बारा महिने खोकायची. इथं गालांवर लाली होती. मी तिला जवळ घेतलं आणि तिचे गाल चाचपून बघितले. हे मात्र तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जाडी झालीस." आमच्या घरात प्रेम असंच बोलतं.

जेवायला गोळ्याची कढी, ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, वर मिरचीचा ठेचा. त्या भाजीचा पहिला घास घेतला आणि माझ्या कानातून धूर निघाला. विहीणबाई म्हणाल्या, "तुमच्यासाठी तिखट कमीच टाकलं हो." मी डोळे पुसत म्हटलं, "छान झालीय." मंजू खाली मान घालून हसत होती.

जेवण झाल्यावर प्रवासाचे कपडे मीच धुतले, सवय. दोरीवर टाकले आणि आत येऊन चहा प्याले. बाहेर गेले तर साडी कडक! मी हात लावला, पुन्हा लावला, शेवटी गालाला लावून बघितली. आत जाऊन विहीणबाईंना म्हटलं, "बाई गं, तुमचं हे ऊन आम्हाला द्या थोडं."

"न्या ना पोतंभर," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात तं पैसे देऊन पाठवतो."

अशी आमची मैत्री जमली. एकच दिवस टिकली.

मळ्यातलं घर

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाई मला घर दाखवायला लागल्या. शेवटची खोली उघडली. उजेडाची, नुकती सारवलेली भिंत, खाटेवर स्वच्छ गादी. कोपऱ्यात शेकशेगडी. फडताळात डिंक, खारीक, खसखस, हळिवाचे डबे. आणि आढ्याला कडी, तिला नवी दोरी.

"हे बाळंतिणीची खोली," त्या म्हणाल्या. "पाह्यजा, काई कमी असन तं सांगा."

मी म्हटलं, "कोणाच्या?"

"कोनाच्या म्हंजे? मंजूच्या!"

"अहो, पण मंजूला तर आम्ही न्यायला आलोय."

त्यांनी फडताळाचं दार लावलं. मग म्हणाल्या, "मले तं कोनी सांगितलं नाई." आणि हाक मारली, "मंजू! ये वं इकडं!"

अंगणातून मंजूचा आवाज आला. "येऊन राहिली ना, आई!"

तोच आवाज, तेच शब्द, तोच ना, तीच आई. फोनवर मी ऐकलं होतं ते हेच! मी माहेरी येणार का विचारत होते आणि त्याच वेळी विहीणबाईंनी तिला आतून बोलावलं होतं. लेक सासूला सांगत होती, आले, आले. 'राहिली'चं 'राहीन' माझ्या कानानं केलं, आणि 'आई' म्हणजे मीच, हे माझ्या मनानं ठरवलं. तिला आता दोन आया आहेत, हे मला कुठं सुचलं होतं?

मंजू दारात आली. आम्हा दोघींची तोंडं बघून तिला सगळं कळलं असावं. "आई, मी तुला तसं म्हणालेच नव्हते गं," ती म्हणाली. "तू पाळण्याचं सांगायला लागलीस, इतकी खूश होतीस, मग माझी जीभच रेटेना. म्हटलं तुम्ही आलात की बोलू."

"आणि तीन तिकिटं काढली त्याचं काय?" मी एवढंच म्हटलं आणि बाहेर आले.

खरं सांगते, मला राग आला. लेकीचाही आणि त्या खोलीचाही. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय मी काढलंय का? माझं माझ्या आईकडं झालं, तिचं तिच्या आईकडं. चार वर्षं लेक मिळाली नाही, निदान हे दोन महिने तरी माझे होते. दुपारी विहीणबाईंनी ताट वाढलं, पण "घ्या" म्हणाल्या नाहीत. हे आणि प्रवीण दोघंही शहाणे. बाळापूरचा किल्ला बघायला म्हणून निघून गेले ते दिवेलागणीला आले. किल्ला कसा होता विचारलं तर हे म्हणाले, "शांत होता."

अमरावती

मंजूची नणंद वैशाली अमरावतीला दिलेली आहे. तिच्याकडं जेवायला जायचं आधीच ठरलं होतं, त्यामुळं फुगून बसायचीही सोय नव्हती. मंजूजवळ प्रवीण थांबले. आम्ही दोघं आणि विहीणबाई असे एसटीनं निघालो. सीटवर दोघी विहिणी शेजारी शेजारी आणि मध्ये माझी पर्स. बाहेर सोयाबीन पिवळं पडलेलं, कुठं कापणी चाललेली, तूर हिरवीगार. एवढी सपाट जमीन मी पाहिलेली नाही. आमच्याकडं नजर टाकली की डोंगराला थडकते. इथं ती जातच राहते. मन बरं असतं तर मी बोलले असते तसं.

अंबादेवीचं दर्शन घेतलं. देवीपुढं दोघींनी एकाच वेळी डोळे मिटले, आणि दोघींनी काय मागितलं हे सांगायला ज्योतिषी नको. बाहेर आल्यावर वैशालीच्या यजमानांनी गिला वडा खायला घातला. दह्यातला वडा, वर झणझणीत चटणी. ह्यांनी दोन प्लेटी खाल्ल्या आणि तिसरी माझ्याकडं न बघता मागितली.

वैशालीकडं जेवणं झाली. पुरुष बाहेरच्या खोलीत लवंडले. वैशाली पान लावत होती. मी आपलं तिच्या मुलाचं कौतुक केलं, मोठा गोड आहे, बाळंतपण अकोल्यालाच झालं असेल ना?

ती थबकली. आईकडं बघून म्हणाली, "नाई ना काकू. इथंच झालं. आई नव्हती."

विहीणबाईंनी पानदान पुढं ओढलं. सुपारी कातरत राहिल्या.

परतीच्या बसमध्ये मात्र बोलल्या. बडनेरा मागं पडलं, तेव्हा खिडकीकडं तोंड करून एकदम म्हणाल्या, "लेकीच्या येळेला मी फुलं तोडून राहिली होती. दसरा दोन दिसावर. मजुरीले लावलेल्या बाया आल्या नाईत, माल शेतात उभा, आमचे हे तवा बिमार. म्हटलं, दसरा झाला का आणतो पोरीले माहेरी. अन् पोरगी आधीच मोकळी झाली. फोन आला तं मी झेंडूत उभी होती. तिले लय तरास झाला. आई आई करे म्हणते. पाचव्या दिवशी पोचली मी." नाक ओढून त्या पुढं म्हणाल्या, "तवाच ठरवलं होतं, सुनेच्या येळेला घरातून हलाचं नाई. झेंडू सडला तं सडला."

मी मधली पर्स उचलून मांडीवर घेतली. त्यांचा हात धरला. मातीनं भेगाळलेला, झेंडूचा वास येणारा हात. माझा हात सोड्यानं भेगाळलेला. मागच्या सीटवर हे घोरत होते.

परत मळ्यात

पुढं दोन दिवस मी नुसती बघत होते. सकाळी मंजू त्या झेंडूच्या वाटेनं फिरून यायची, सासू तिच्या मागं, "हळू वं, हळू वं" करत. दुपारी मी धुणं वाळत घालायचे आणि लगेच काढायचे. काढताना मनात एकच यायचं. बाळाची लंगोटं, दुपटी दिवसातून दहादा बदलायची. माझ्याकडं ती शेगडीवर वाळणार, धुरकट वास येणार, आणि आतून दमटच राहणार. मंजूच्या वेळी तेच झालं होतं. ती दोन महिन्यांची असल्यापासून खोकत होती. आणि दोन महिने त्या खोलीत पावसाळ्याची ओल अन् गारठा. बाई, चादरी वाळवण्यात माझा जन्म गेला. मला कोणी हे समजावून सांगायची गरज नव्हती, आणि तरीही ते तोंडावाटे निघत नव्हतं.

एका संध्याकाळी विहीणबाईंनी अंगणात गोवऱ्या पेटवून रोडगे घातले. रोडगा म्हणजे गव्हाच्या पिठाचा घड्याघड्यांचा गोळा, निखाऱ्यात भाजायचा, फोडून वर तूप ओतायचं आणि वांग्याच्या भाजीशी खायचा. मंजू पायरीवर बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "मला खरं सांग. तुला काय पाहिजे? माझं मन राखू नकोस."

ती लगेच रडायला लागली. "मला इथंच राहायचंय गं. तो वळणावळणाचा घाट आता मला झेपायचा नाही. प्रवीण जवळ पाहिजेत. पण तू नसलीस तर मला भीती वाटते, आई. फार भीती वाटते. मला तू पण पाहिजेस."

"तू पण कसं? मी तिथं, तू इथं."

निखारे सारता सारता विहीणबाई म्हणाल्या, "तं मंग तुमी काहून जाऊन राहिल्या?"

"म्हणजे?"

"म्हंजे काय? माहेर काय त्या डोंगराचं हाये? तुमचं हाये. तुमी राहा ना इथी. बाळंतपण माहेरीच झालं असं समजू. मलेबी दसऱ्याचा माल काढता येईन. तुमी पोरीपाशी, मी झेंडूत. कोनाचंच काई सडनार नाई."

मला हसूही आलं आणि लाजही वाटली. आमच्याकडं लेकीच्या सासरी दोन घास जास्त खाल्ले तरी लोक बोलतात. तिथं आईनं अंथरूण टाकून महिना दोन महिने राहायचं? आणि पुढं नवरात्र, दिवाळी, म्हणजे आमचा ऐन हंगाम. ह्यांना इस्त्रीपलीकडं काही येत नाही, हिशेबही नाही, चहासुद्धा करता येत नाही. मी तसं बोलून दाखवलं.

हे रोडगा फोडत होते. तुपानं बोटं माखलेली. मान वर न करता म्हणाले, "राहा. धाकट्या भावाला बोलावतो मदतीला."

"अहो पण दिवाळी?"

"दिवाळी दरवर्षी येती."

"आणि लोक काय म्हणतील?"

"त्यांच्या चादरी वेळेवर मिळाल्या की काही म्हणत नाहीत," हे म्हणाले. "मंजू तान्ही असताना मी रात्रभर दुपटी शेकत बसलो होतो. मला सगळं आठवतंय. राहा तू."

लग्नाला तीस वर्षं झाली, मंजूच्या बाळंतपणाचे दिवस सोडले तर आम्ही एक रात्रसुद्धा वेगळे राहिलेलो नाही. एकाच कढईत चादरी उकळायच्या, एकाच दोरीची दोन टोकं धरायची. मोठी चादर एकट्यानं पिळता येत नाही हो. मला तेव्हाच गलबलून आलं, पण समोर विहीणबाई होत्या म्हणून धुराचं निमित्त केलं.

अकोला स्टेशन

जायच्या दिवशी सगळेच स्टेशनवर आलो. मंजूला घरी थांब म्हटलं तर ऐकेना. ह्यांच्या पिशवीत विहीणबाईंनी एवढं भरलं होतं की चेन लागत नव्हती. ठेचा, ज्वारीचं पीठ, हळद, वांगी, आणि वर झेंडूची चार फुलं, "देवाले." तीन तिकिटांवर हे एकटेच निघाले होते. मी एकसारखी सांगत होते, गॅसचं बटण बघा, गोळ्या वेळेवर घ्या, मोठ्या हॉटेलचे टॉवेल वेगळे धुवा. हे "हो, हो" करत होते.

गाडी आली. सामान चढवलं. हे पायरीवर चढले, आणि पुन्हा खाली उतरले. सरळ विहीणबाईंपुढं गेले आणि हात जोडले. आमचे हे कोणापुढं चार वाक्यं सलग बोलत नाहीत. मंजूच्या पाठवणीच्या वेळी सगळे बाप काही ना काही बोलतात, तेव्हा हे मांडवामागं जाऊन उभे राहिले होते.

"ताई," हे म्हणाले, "लेक दिली तेव्हा काही बोललो नाही. बोलताच आलं नाही. आता हिला ठेवून चाललोय म्हणून सांगतो. उठल्या उठल्या हिला चहा लागतो. तिखट झालं तर ही तोंडानं सांगायची नाही, गप खाईल आणि पोट धरून बसेल. गुडघा दुखला तरी काम सोडत नाही, ओरडून बसवावं लागतं. बाकी काही त्रास नाही हिचा. सांभाळून घ्या."

विहीणबाईंचा तो खणखणीत आवाज कुठं गेला कोण जाणे. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "पोरीवानी ठेवीन, ईवाई. तुमी जीवाले खाऊ नका."

गाडी हलली. ह्यांचा हात खिडकीबाहेर दिसत होता, मग नुसती बाही, मग काहीच नाही. आणि मी रडायला लागले. माझ्या लग्नात रडले नव्हते, मंजूच्या लग्नात रडले नव्हते, एवढी भर फलाटावर हमसाहमशी. लोक वळून बघायला लागले. मंजूनं पोट सांभाळत मला जवळ घेतलं, पाठीवर हात फिरवला, आणि स्वतःचे डोळे पुसत म्हणाली,

"अगं आई, सासर माझं आहे. रडतेस काय तू?"

विहीणबाईंनी माझी पिशवी उचलली, दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं, आणि नवी सून आणावी तशी मला घरी घेऊन गेल्या.